अक्का, लंकेबद्दल तुम्ही म्हणालात ते

अक्का, तुमच्या तेराव्याला जेवायला बसलेल्या निम्म्या लोकांनी एकच आठवण काढली. लंकेची गादी आषाढात हलणार हे तुम्ही पाडव्याला, तुमच्या उगादीलाच, सांगितलं होतं, ही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या अण्णांनी तर हात धुऊन आल्या आल्या फोन काढला आणि जपून ठेवलेली ती क्लिप सगळ्यांना पुन्हा दाखवली. तुम्ही भिंतीला टेकून बसलेल्या, मांडीवर कुंडली मांडायची पाटी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "केवढी विद्या," लोक म्हणाले. मी वाढत होते. मान हलवली आणि पुढच्या पानाकडं गेले.

ती क्लिप संपल्यावर अर्ध्या तासानं तुमच्या स्वयंपाकघरात काय झालं, ते क्लिपमध्ये नाही. ते तुम्हाला माहीत होतं आणि मला. तीन वर्षं आपण एका जिन्यावरून वर-खाली केलं, आणि त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी ठरवलं होतं, बरं वाटू दे, मग सांगते. मग तुम्हाला बरं वाटलं नाही.

निपाणीहून आलेल्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला ह्या कानडी शहरात, एचएसआर लेआउटमध्ये, घर देताना लोक फार प्रश्न विचारत. तुम्ही एकच विचारलात, "मराठी बोलतेस काय गे?" हो म्हटल्यावर वरच्या मजल्याची किल्ली हातात दिलीत. तुमचं मराठी मला पहिले सहा महिने अर्धंच कळायचं. पिढ्यान् पिढ्या इथं राहिलेल्या घरातलं ते मराठी, त्यात 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' इतके मुरलेले की ते कानडी आहेत हे तुम्हालाही आठवत नसे. चिकपेटात कापडाच्या दुकानात दिवसभर उभे राहणारे तुमचे वडील संध्याकाळी पंचांग उघडून बसत, आणि दहावीनंतर शाळा सुटलेली मुलगी समोर बसून शिकत असे. तिथून ही विद्या आली. लग्नं जुळवणं, नोकरी कधी लागेल सांगणं तुम्हाला आवडायचं नाही. तुमचा जीव होता तो मेदिनी ज्योतिषात, म्हणजे राज्यांच्या आणि देशांच्या भविष्यात. माणसांपेक्षा देश बरे, म्हणायचात, देश दारात येऊन रडत नाहीत.

आपलं भांडण तिथंच लागायचं. मी म्हणायची, "अक्का, देश बुडतो तो परदेशी कर्जानं. डॉलर संपले, पर्यटक येईनात, कर कमी केले, खत बंद केलं. सगळी कारणं पेपरात आहेत. शनीला कशाला मध्ये ओढता?"

"पेपर कारण सांगतो. मी वेळ बघते."

"वेळ कळून काय करायचं?"

"दम धरायचा," तुम्ही म्हणायचात, आणि ताक पुढं करायचात. ह्या उत्तरानं माझं समाधान कधी झालं नाही. तुम्हालाही ते पुरं वाटत नसावं, कारण दुसऱ्या दिवशी तुम्हीच विषय काढायचात.

आणि मग दिलिनी आली. आमच्या कपड्यांच्या एक्स्पोर्ट कंपनीत सॅम्पल विभागात तिला मीच घेतलं होतं. कँडीची मुलगी, सव्वीस वर्षांची. कापडावर खडू टेकवायच्या आधी हात जोडणारी. राहायला जागा मिळेना म्हणून माझ्याच घरातली मागची खोली तिला दिली. तिला सिंहली आणि इंग्रजी येत होतं, तुम्हाला मराठी आणि कानडी. 'कम', 'ईट' आणि 'गुड' ह्या तीन शब्दांवर तुम्ही दोघींनी जे जमवलंत ते मला दोन भाषांमध्ये जमलं नव्हतं. ती तुमच्या पायरीवर बसून शेंगा सोलायची. मधे भाषेची गरज पडली की "वैशू, खाली ये गे," अशी हाक यायची आणि मी दुभाषी व्हायची.

तिच्याकडं नव्या वर्षाला, एप्रिलच्या मध्याला, चूल पेटवायचा मुहूर्त ज्योतिषी काढून देतात आणि साऱ्या देशात एकाच क्षणी चुली पेटतात, हे तिनं सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "सगळ्या देशाची एकच वेळ?" तुम्ही दोनदा विचारलंत. तिचा तुमच्या पाटीवर विश्वास होता तो असा लहानपणापासूनचा होता. माझ्यासारखा वाद घालायचं तिच्या मनातही येत नसे.

त्या वर्षी तिच्या घरून येणारे फोन बिघडत गेले. आधी दूध पावडर मिळेना. मग गॅस. मग दिवसातले कितीतरी तास वीज नाही. तिचे वडील मधुमेही, निवृत्त शाळामास्तर. इन्सुलिनसाठी तीन-तीन दुकानं फिरत होते. गॅसच्या रांगेत सकाळी सिलिंडर साखळीनं बांधून ठेवायचा आणि संध्याकाळी जाऊन बघायचा. तिनं मला ऑफिसात सांगितलं, "मॅम, मला नव्या वर्षाला घरी जायचंय. इथून औषधं घेऊन जाते. महिनाभर."

मी म्हटलं, बघू.

अक्का, ते 'बघू' काय होतं ते आता लिहिते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडं परदेशातल्या एका मोठ्या ग्राहकाची माणसं येणार होती. त्यांना दाखवायचे चाळीस नमुने दिलिनीच्या हातचे होते. ती ऑर्डर मिळाली असती तर तो विभाग माझा झाला असता. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. ग्राहकाचा दौरा आहे, एवढंच बोलता बोलता कधीतरी म्हणाले होते.

उगादीला तुमच्या हॉलमध्ये नेहमीसारखं पंचांगश्रवण झालं. कडुनिंब-गूळ वाटून झाला. संवत्सराचं नाव शुभकृत, राजा शनी, मंत्री गुरू, असं तुम्ही वाचलंत. पाऊस, धान्य, राजकारण सांगितलंत. गल्लीतले वीस-पंचवीस लोक होते. मेडिकलवाले अण्णा म्हणाले, "अक्का, ह्या पोरीच्या देशाचं सांगा की. टीव्हीवर रोज तेच चाललंय." सगळ्यांच्या माना दिलिनीकडं वळल्या. तिनं हसून मान खाली घातली.

तुम्ही आधी नको म्हणालात. मग पाटी घेतलीत. लंकेच्या स्वातंत्र्याच्या दिवसाची पत्रिका तुम्ही आधीच मांडून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं; न बघता घरं भरलीत. धनस्थान म्हणजे देशाचा खजिना, दशम म्हणजे गादी, चतुर्थ म्हणजे लोकांच्या घरातलं सुख, असं बोट ठेवून सांगितलंत. ह्याच महिन्यात राहू, गुरू आणि शनी तिघंही घर बदलताहेत, म्हणालात. "खजिना रिकामा आहे ते सांगायला मी कशाला पाहिजे. पण हे इथं थांबत नाही. आषाढात गादी हलते. गादीवरचा गादीवर राहत नाही." अण्णांचा फोन चालू होता. दिलिनीला शब्द कळत नव्हते, पण खोलीतली शांतता कळली. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मी तिला हळू आवाजात थोडं थोडं सांगत गेले.

लोक गेले. ती स्वयंपाकघरात तुमच्यामागं आली. तुम्ही उरलेल्या पुरणाच्या होळीग्या डब्यात भरत होतात. तिनं मला म्हटलं, "अक्कांना विचारा, मी जाऊ का? बाबांचं काय होईल?"

मी विचारलं. तुम्ही डबा खाली ठेवलात आणि माझ्यावर थोड्या चिडलात. "अय्यो, मी देशाचं सांगितलं ते देशाचं. हिच्या बापाचं त्यात काय आहे? देशाच्या पत्रिकेत कुणाचा बाप दिसत नाही, वैशू. तिचं मन तिकडं लागलंय तर तिनं जावं. औषधं घेऊन जावं. उद्या मिळालं तिकीट तर उद्या. सांग तिला, नीट सांग."

आणि मी तिच्याकडं वळून इंग्रजीत म्हणाले, "अक्का म्हणतात, काळ फार वाईट आहे. हा महिना जाऊ दे. मे महिन्यात जा."

मला ते वाक्य ठरवून म्हटल्याचं आठवत नाही. ठरवायला वेळच नव्हता. मी स्वतःला सांगितलं की तिकडं आणीबाणी लागलीय, एकटी मुलगी, रस्त्यात पेट्रोल नाही, मी तिच्या भल्याचंच बोलतेय. त्यातलं थोडंसं खरंही होतं. पण चाळीस नमुने माझ्या डोळ्यांसमोर होते हेही खरं. ते मी माझं म्हणून सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. तुमचं म्हणून ऐकलं. तिनं दोन्ही हात जोडून तुम्हाला नमस्कार केला. तुम्हाला वाटलं ती निघाली. तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि होळीग्यांचा डबा तिच्या हातात दिलात, प्रवासासाठी. तिला वाटलं तो सणाचा.

"सांगितलंस ना?" तुम्ही मला विचारलंत.

"सांगितलं."

चार दिवसांनी तुम्ही जिन्यात मला अडवलंत. "ही अजून इथंच? गेली नाही?" मी म्हटलं, विमानं भरलीत अक्का, तिकिटं महाग झालीत. "मी देते की," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, बघते. पुन्हा तेच 'बघू'.

त्यांचं नवं वर्ष आलं. तिच्या वडलांनी फोनवर अंगणातली चूल दाखवली. मुहूर्त साधला होता, फक्त लाकडं ओली होती. म्हातारा खोकत होता आणि हसत होता. ग्राहकाची माणसं येऊन गेली, नमुने त्यांना आवडले. त्यानंतर तीनच दिवसांनी दुपारी ते मास्तर गॅसच्या रांगेतून घरी आले आणि दारात कोसळले. रिक्षात पेट्रोल नव्हतं. शेजाऱ्यांनी कुठून तरी गाडी मिळवेपर्यंत वेळ गेला.

दिलिनी त्या वेळी टेबलावर कापड पसरून उभी होती. फोन ठेवून तिनं कापडाची नीट घडी घातली, मग खाली बसली. मी तिला विमानतळावर सोडलं. वाटेत ती एकच बोलली, "मी थांबायला नको होतं." मी गाडी चालवत होते.

ती असती तर ते वाचले असते का? मला माहीत नाही. डॉक्टरांनाही कदाचित सांगता आलं नसतं. पण ती तिथं असती, अक्का. एवढं तरी झालं असतं.

जूनमध्ये ती सामान न्यायला आली. नोकरी सोडली होती, आई एकटी पडली होती. मी वर तिच्या बॅगा भरायला मदत करत होते. ती अचानक उठली आणि खाली गेली. मी मागोमाग धावले. ती तुमच्या हॉलच्या मधोमध उभी होती आणि ओरडून इंग्रजीत बोलत होती. "तुम्ही मला थांब म्हणालात. मी थांबले. तुमच्या त्या पाटीला माझे बाबा दिसले नाहीत का?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "काय म्हणते?"

मी काहीही सांगू शकले असते. तुम्हाला इंग्रजी कळत नव्हतं, तिला मराठी कळत नव्हतं, दोघींच्या मध्ये मी एकटी होते. पण तिच्या चेहऱ्यासमोर मला नवं काही रचता आलं नाही. मी म्हटलं, "ती म्हणते, तुम्ही थांब म्हणालात. म्हणून ती गेली नाही."

तुम्ही माझ्यावरून नजर हलवली नाहीत. तुम्हाला सगळं कळलं होतं, कारण तिकिटं महाग झाल्याचं मी सांगितलेलं तुम्ही विसरला नव्हतात. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. तुम्ही मला जागा करून दिली होतीत. मी बोलले नाही.

मग तुम्ही म्हणालात, "वडलांचं नाव काय होतं, विचार."

मी विचारलं. ती म्हणाली, पियदास. तुम्ही ते नाव हळूहळू, नीट उच्चार करून म्हटलंत. आणि मग, "सांग तिला, माझं चुकलं. ती बापाचं विचारत होती आणि मी देश बघत बसले."

हे मी तिला शब्दाला शब्द सांगितलं.

ती न बसता निघून गेली. रिक्षा वळल्यावर मी दारात उभी राहिले, आत यायचं धैर्य होईना. तुम्ही आतून विचारलंत, "वैशू, एप्रिलातला तुमच्या ग्राहकाचा तो दौरा झाला काय गे?"

"झाला, अक्का."

"सरी," तुम्ही म्हणालात. बस, एवढंच. संध्याकाळी नेहमीसारखी माझ्यासाठी वाटीभर आमटी वर आली. मला वाटलं होतं आता तुम्ही घर सोडायला सांगाल. तुम्ही सांगितलं असतंत तर सोपं झालं असतं.

आषाढात तिकडचं सगळं टीव्हीवर आलं. लोक राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यात घुसले, पोहण्याच्या तलावात उड्या मारत होते, आणि गादीवरचा माणूस देश सोडून गेला. मी धावत खाली आले. मला लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मी सगळं विसरले होते. "अक्का, बरोबर आलं तुमचं!"

तुम्ही टीव्ही बंद केलात. "बरोबर आलं म्हणजे काय गे? इतक्या घरांत चूल नाही आणि माझं गणित बरोबर?"

पण अण्णांची क्लिप तोवर सगळीकडं पोचली होती. मग माणसं यायला लागली. जमिनीचे दलाल, जवळपासच्या कंपन्यांतली मुलं, होसकोट्याहून एक कारखानदार कुटुंबासकट. रुपया कुठं जाईल, सोनं घ्यावं का, आपल्याकडंही तसं होईल का. तुम्ही सगळ्यांना पाणी द्यायचात आणि म्हणायचात, देशाचं बघणं सोडलं. एकजण हट्टाला पेटला, "निदान आपल्या देशाचं तरी सांगा." तुम्ही म्हणालात, "आपल्या देशाचं तुम्हीच सांगा. मत तुम्ही देता." पाटी माळ्यावर गेली. पुढच्या उगाद्यांना तुम्ही पाऊस आणि धान्य एवढंच वाचलंत.

लोकांना वाटलं, अक्का गर्व नको म्हणून थांबल्या. मला कारण माहीत होतं आणि मी गप्प बसले. तुमची आयुष्यभराची विद्या माझ्या एका वाक्यापायी सुटली. मी तुमच्या विद्येवर विश्वास ठेवत नव्हते, आजही ठेवते की नाही ठाऊक नाही. गादीचं तुम्हाला कसं कळलं, मला उलगडत नाही. पण त्या दिवशी तुम्ही सांगितलेल्यातलं सगळ्यात खरं जे होतं ते पाटीवर नव्हतंच. एका मुलीला बापाकडं जाऊ द्या, एवढं ते होतं. त्याला ना राहू लागत होता ना शनी.

तुम्ही दोष स्वतःवर का घेतलात? मला वाचवायला? मला आणि तिला कधीतरी पुन्हा समोरासमोर उभं राहावं लागेल म्हणून? की खरोखरच तुम्हाला वाटत होतं की भरल्या घरात एका मुलीच्या देशाची पत्रिका मांडणं हीच तुमची चूक? मी अनेकदा दार ढकलून आत आले, आणि तुम्ही "बस, कॉफी घे," म्हणालात, आणि मी कॉफी घेतली. तुमच्या प्रेमानं मला भित्रं राहू दिलं, असं म्हटलं तर तो तुमच्यावरच ठपका होईल. भित्री मी होतेच.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी दिलिनीच्या जुन्या नंबरवर लिहिलं, अक्का गेल्या. तासाभरात तिचा फोन आला. कोरडेपणानं म्हणाली, "वाईट झालं." मग मी सांगितलं. तुम्ही काय म्हणाला होतात आणि मी काय सांगितलं होतं, दोन्ही.

"का?" तिनं विचारलं.

मी नमुन्यांचं सांगितलं.

"ती ऑर्डर मिळाली?"

"मिळाली."

तिनं फोन ठेवला.

चार दिवस काही नाही. काल सकाळी तिचा पुन्हा फोन आला. म्हणाली, "तुझ्याशी मला बोलायचं नाही. मला अक्कांशी बोलायचंय, आणि त्यांची भाषा मला येत नाही. तू सांगशील? या वेळी नीट सांगशील?" मी कागद घेतला. ती थांबत थांबत बोलली, मी लिहून घेतलं, तिला इंग्रजीत परत वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी दुरुस्ती केली. म्हणून हे सगळं लिहायला बसले, अक्का. माझं बोलून झालं. यापुढचं तिचं आहे:

"अक्का, मी दिलिनी. त्या दिवशी मी तुमच्या घरात चपला न काढता आले. तुम्ही माझ्या बाबांचं नाव विचारलंत. त्या दिवसांत बाबा कसे गेले ते सगळे विचारायचे, नाव कुणी विचारलं नव्हतं. तरी मी तुमच्यावर ओरडले, आणि घरी येऊन आईला सांगितलं की भारतातल्या एका बाईनं मला अडवलं. आई अजून बाबांच्या फोटोसमोर दिवा लावताना तुम्हाला बोल लावते. आज मी तिला खरं सांगणार आहे. तिला पटायला वेळ लागेल. वैशालीला मी माफ केलेलं नाही. हे तिनं स्वतःच्या तोंडानं तुम्हाला सांगावं, असं मी तिला सांगितलं आहे."